रक्त थांबलं, पण आतडं भरलं का?
अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांसाठी आमच्या लॅबचं माहितीपत्रक, राजारामपुरी, कोल्हापूर

कॅलप्रोटेक्टिन या शौचाच्या तपासणीची चिठ्ठी घेऊन येणारे बरेच जण काऊंटरवर विचारतात, "आता रक्त पडत नाही, मग ही तपासणी कशाला?" प्रश्न रास्त आहे. सकाळच्या गर्दीत त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. घरी निवांत वाचा, घरच्यांनाही वाचायला द्या.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि व्रण पडतात. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज सलग वर सरकत जाते. कुणाची खालीच थांबते, कुणाचं सगळं मोठं आतडं व्यापते. शौचातून रक्त, आव, पुन्हा पुन्हा लागणारी घाई ही लक्षणं तुम्हाला सांगायला नकोत. पुष्कळांचे पहिले काही महिने तर मूळव्याध समजूनच जातात.

औषधं लागू पडली की रक्त आधी थांबतं, अस्तर मात्र सावकाश भरतं. मधल्या काळात माणसाला वाटतं, झालो बरा, आणि गोळ्या परस्पर बंद होतात. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याच काळाची वाटते, कारण अर्धवट भरलेलं आतडं पुन्हा उसळण्याची शक्यता जास्त असते.

डॉक्टर 'बरं' कसं मोजतात

पहिलं माप तुमच्या सांगण्याचं. नेहमीपेक्षा किती वेळा जास्त जावं लागतं आणि रक्त किती दिसतं, याला प्रत्येकी ० ते ३ गुण. दुर्बिणीत (कोलोनोस्कोपीत) काय दिसलं आणि डॉक्टरांचं एकंदर मत काय, याचेही तसेच गुण मिळवले की १२ पैकी 'मेयो स्कोअर' निघतो. म्हणून डॉक्टर विचारतील तेव्हा संकोचून आकडा कमी सांगू नका.

दुसरं माप दुर्बिणीचं. निरोगी अस्तर फिकट गुलाबी, चकचकीत असतं आणि त्याखाली रक्तवाहिन्यांची बारीक जाळी स्वच्छ दिसते. हा दुर्बिणीचा मेयो गुण ०. जाळी पुसट झाली, अस्तर लालसर दिसलं की १. जाळी दिसेनाशी झाली, अस्तर सोलवटलं आणि दुर्बिणीचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येऊ लागलं की २. आपोआप रक्त पाझरतंय, व्रण उघडे आहेत, तो ३. तुमच्या कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टवर हा आकडा शोधा. ० आणि १ दोन्ही चांगलेच, पण १ असणाऱ्यांचा आजार ० असणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा उलटतो. २०२१ च्या 'स्ट्राइड-२' या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी म्हणूनच नुसता त्रास थांबण्यावर समाधान मानलेलं नाही. दुर्बिणीत अस्तर भरलेलं दिसावं, हे लांबच्या पल्ल्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे.

तिसरं माप तुकड्याचं, म्हणजे बायोप्सीचं. वरून भरलेल्या अस्तरातही सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी सूज सापडते. ती शून्यावर आणणं हे मात्र अजून सगळ्यांसाठी ठरलेलं उद्दिष्ट नाही.

मग कॅलप्रोटेक्टिन कशाला?

दर काही महिन्यांनी दुर्बीण घालणं कुणालाच परवडत नाही, ना शरीराला ना खिशाला. कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याला सूज असली की या पेशी तिथे जमतात आणि ते शौचात उतरतं. रक्तातला सीआरपी (सूज दाखवणारं प्रथिन) बऱ्याच रुग्णांत, विशेषतः सूज खालच्या भागापुरती असेल तर, नॉर्मलच येतो. त्यामानाने ही तपासणी आतड्याच्या जास्त जवळची.

त्रास काही नाही आणि आकडा १५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल, तर सूज शांत असल्याचा चांगला भरवसा मिळतो आणि बहुतेकदा लगेच दुर्बिणीची गरज पडत नाही. त्रास नाही पण आकडा वर आहे, तर डॉक्टर पुन्हा तपासणी किंवा दुर्बीण सुचवतील. उलटही घडतं: पोट बिघडलेलं, पण आकडा अगदी कमी. तेव्हा कारण वेगळं असू शकतं. घरात उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या अशा वेळी मनाने सुरू करू नका.

एका आकड्यावर घाबरू नका. जुलाबाची साथ असेल किंवा दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेतल्या असतील, तरी तो वाढतो. त्या घेतल्या असतील तर आम्हाला आवर्जून सांगा. प्रत्येक किटचे आकडे थोडे वेगळे येतात, म्हणून दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करा. आमच्याकडेच या असं नाही. जिथे सुरू केली आहे तिथेच करा.

नमुना कसा आणायचा

उपाशीपोटी यायची गरज नाही. "काल तांबडा रस्सा झाला, रिपोर्ट बिघडेल का?" असं विचारतात. नाही बिघडत. तिखटाने पोटाला त्रास होऊ शकतो, पण हा आजार तिखटामुळे होत नाही. (बीट खाल्लं असेल तर शौचाला लाल रंग येतो, तेवढं लक्षात असू द्या.)

शक्यतो सकाळचा पहिला नमुना घ्या. भांड्यात कागद पसरा, लघवी आणि पाणी लागू देऊ नका, डबीच्या चमच्याने सुपारीएवढा भाग पुरे. डबी आमच्याकडून आधी मोफत न्या. गडहिंग्लज, आजरा, राधानगरीकडून येणाऱ्यांनी घाई करू नये. हे प्रथिन एक-दोन दिवस टिकतं, फक्त डबी उन्हात ठेवू नका. डबीवर नाव आणि तारीख लिहा, चालू औषधांची चिठ्ठी सोबत आणा.

आजाराला आठ वर्षं झाली असतील, तर कॅलप्रोटेक्टिन कितीही चांगलं येवो, कर्करोगाच्या दृष्टीने कोलोनोस्कोपी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा. ते काम ही तपासणी करत नाही.

आणि दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब होत असतील, सोबत ताप असेल, छाती धडधडत असेल किंवा पोट फुगलं असेल, तर नमुना घेऊन आमच्याकडे येऊ नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, थेट मोठ्या रुग्णालयात जा.