स्विस ट्रॅव्हल पास की हाफ फेअर कार्ड? आधी टिटलिस हिशेबातून खोडा

स्वित्झर्लंडला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाला कुणीतरी हमखास सांगतं, ‘पास काढून टाका, मग सगळं फुकट.’ लगेच दुसरा कुणीतरी सुचवतो, ‘त्यापेक्षा हाफ फेअर कार्ड घ्या, निम्म्या पैशात तोच पास.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. तरीही दर सुट्टीच्या आधी ते नव्याने फिरतात आणि लोक त्यांच्या भरवशावर माणशी शेकडो फ्रँक मोजून मोकळे होतात.

पास बहुतेकांना माहीत असतो, त्यामुळे थोडक्यात. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. तेवढे दिवस रेल्वे, पिवळ्या पोस्टबस, तळ्यांमधल्या बोटी, शहरांतल्या ट्राम यांत चढायचं आणि उतरायचं, तिकीट काढायचं नाही. पाचशेच्या वर संग्रहालयं त्यातच येतात, माँट्रोजवळचा शियाँचा किल्लाही येतो. साधा पास सलग दिवसांचा असतो. महिन्याभरातले हवे ते दिवस निवडायची मुभा देणारा ‘फ्लेक्स’ महाग पडतो.

हाफ फेअर कार्ड हा पास नव्हेच. नुसतं कार्ड खिशात घालून गाडीत बसलात तर तुम्ही विनातिकीट आहात. प्रत्येक प्रवासाचं तिकीट काढायचंच, फक्त ते निम्म्या दराने मिळतं, आणि ही सवलत महिनाभर चालते. आपल्या एसटीत ‘आवडेल तेथे प्रवास’ची योजना आहे आणि बायकांना अर्धं तिकीटही आहे. या दोन गोष्टींत कुणी गल्लत करत नाही. स्वित्झर्लंडचं नाव आलं की मात्र करतात.

इथपर्यंतचा घोळ किरकोळ आहे, तो पहिल्या स्टेशनवर आपोआप सुटतो. खरा फटका बसतो तो डोंगरांच्या हिशेबात.

आपली माणसं स्वित्झर्लंडला जातात ती प्रामुख्याने बर्फ बघायला. यादीत युंगफ्राउयोख असतंच, टिटलिस असतंच, बऱ्याचदा पिलाटसही. हौशी असतील तर झेरमाटचं गोर्नरग्राट. सहलीचा मोठा खर्च या चार नावांमध्ये असतो. युंगफ्राउयोखचं जाऊन-येऊन पूर्ण भाडं उन्हाळ्यात दोनशे फ्रँकच्या वर जातं. त्यापुढे झुरिकहून लुझर्नला जायचे पंचवीस-तीस फ्रँक म्हणजे चिल्लर. आणि नेमकी हीच शिखरं पासमध्ये फुकट नाहीत. टिटलिसच्या केबल कारला पासवर ५० टक्के सवलत. पिलाटसला, म्हणजे १८८९ पासून चालणाऱ्या त्या जगातल्या सर्वांत खड्या दातेरी रेल्वेला, ५० टक्के. गोर्नरग्राटला ५० टक्के.

आता कार्डवर काय मिळतं ते बघा. टिटलिस ५०. पिलाटस ५०. गोर्नरग्राट ५०.

म्हणजे महागड्या शिखराच्या पायथ्याशी तुमच्या हातातला पास हाफ फेअर कार्डाइतकंच काम करतो, त्याहून तसूभरही जास्त नाही. युंगफ्राउयोखला तर तो कमीच पडतो. पासवाल्याचा प्रवास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत फुकट होतो, पण तिथून वर त्याला फक्त २५ टक्के सूट मिळते. कार्डवाल्याला खालपासून थेट ३४५४ मीटरवरच्या स्टेशनापर्यंत ५० टक्के. सगळ्यात महागड्या तिकिटावर महागडा पास हरतो. हे सांगितलं की लोकांना पटत नाही, पण दर तसेच आहेत.

चूक होते ती इथे. लोक वही घेऊन बसतात आणि लिहितात, ‘टिटलिसला पासमुळे इतके वाचले, पिलाटसला इतके वाचले, म्हणजे पास वसूल.’ अहो, हे पैसे पासमुळे वाचले नाहीत, ते कार्डवरही तेवढेच वाचले असते. कसलीच सवलत न घेणाऱ्या प्रवाशाशी पासची तुलना केली तर पास जिंकणारच. पण तुमच्यापुढचा प्रश्न पास की कार्ड असा आहे, पास की काहीच नाही असा नाही. दोन्हीकडे जी सूट सारखी आहे, ती दोन्हीकडून खोडा. टिटलिस खोडा, पिलाटस खोडा, गोर्नरग्राट खोडा.

खोडून उरतं ते इतकंच: पासवर जे पूर्ण फुकट आहे त्याची बेरीज करा. गाड्या, बोटी, बस. त्याचं निम्मं करा, कारण कार्डवाल्याला तेवढे भरावे लागतील. त्यात कार्डाची किंमत मिळवा. ही रक्कम पासच्या किमतीपेक्षा कमी आली तर कार्ड, जास्त आली तर पास. दहा मिनिटांचं काम आहे. भाडी एसबीबीच्या, म्हणजे तिथल्या रेल्वेच्या, ॲपवर दिसतात. मात्र भाडं पूर्ण दिसतंय की निम्मं, हे आधी तपासा.

नेहमीचा आठ दिवसांचा आराखडा घेऊ. झुरिक विमानतळावरून लुझर्न, तिथून टिटलिससाठी एंगेलबर्गला जाऊन-येऊन, एक दिवस बोट आणि रिगीचा डोंगर, मग इंटरलाकनला मुक्काम, युंगफ्राउयोख, आणि शेवटी परत झुरिक विमानतळ. टिटलिस आणि युंगफ्राउयोख वगळून (रिगी पासवर फुकट आहे, म्हणून ती बेरजेत येते) यातली पूर्ण भाडी ढोबळ मानाने तीनशे फ्रँकच्या घरात जातात. निम्मे दीडशे. हाफ फेअर कार्ड आणखी दीडशेच्या आसपास. आठ दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा पास चारशेच्या पुढे. युंगफ्राउयोखची जादा सूट अजून धरलेलीच नाही, ती धरली की कार्ड आणखी पुढे जातं. भाडी बदलत राहतात, म्हणून आकडे तुमच्या तारखांचे टाका. पण दोनच गावी मुक्काम आणि भर डोंगरांवर, अशा सहलीत निकाल सहसा हाच लागतो, आणि आपल्याकडच्या बहुतांश सहली अशाच असतात.

पास जिंकतो तो वेगळ्या माणसासाठी. रोज लांबची गाडी पकडणारा, झुरिक, माँट्रो, झेरमाट, सेंट मॉरिट्झ, तिरानो असा देश आडवा-उभा कापणारा, पाऊस आला की संग्रहालयात शिरणारा. ग्लेशियर एक्सप्रेस या पर्यटकांच्या गाडीचं झेरमाट ते सेंट मॉरिट्झ हे एकच भाडं घेतलं तरी पासची बाजू बरीच जड होते. मुलं १६ ते २४ वयातली असतील तर त्यांना पास सुमारे तीस टक्के स्वस्त मिळतो. कार्डला अशी तरुणांची किंमत नाही, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. एकाच घरात आईबाबांकडे कार्ड आणि कॉलेजातल्या मुलीकडे पास, यात गैर काहीच नाही.

पास घेतलाच असेल तर निदान तो वापरा तरी! तीन डोंगर पासवर खरोखर फुकट आहेत: रिगी, स्टान्सरहॉर्न आणि स्टोस. रिगीवर १८७१ साली युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे सुरू झाली, स्टान्सरहॉर्नला वरचा मजला उघडा असलेली केबल कार आहे, आणि स्टोसची २०१७ पासूनची फ्युनिक्युलर, म्हणजे दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे, ११० टक्के चढ चढते. तरीही खिशात पास असलेली माणसं या तिघांना वळसा घालून टिटलिसला पैसे भरायला जातात, का तर टूरच्या पत्रकात तेच नाव असतं. माझं स्पष्ट मत: ढग नसलेल्या दिवशी रिगीवरून दिसणारी तळी टिटलिसच्या बर्फातल्या रेटारेटीपेक्षा कितीतरी सरस. बर्फाला हात लावायचा हट्ट असेल तर मात्र टिटलिसला जा, रिगीवर उन्हाळ्यात गवत असतं.

सलग दिवसांच्या पासची आणखी एक खोड. इंटरलाकनला दोन दिवस पाऊस लागला तरी पासचे दिवस संपत राहतात. मग ‘वसूल’ करण्यासाठी माणसं पावसात बर्नला जाऊन भिजून येतात. कार्डवाला त्या दिवशी हॉटेलात मॅगी करून खातो, त्याचं काही जात नाही. शिखराचं तिकीट दोघांनीही घरून काढून ठेवू नये. प्रत्येक मोठ्या शिखरावर वेबकॅम आहे. सकाळी तो बघायचा, ढगांनी पांढरंधोप दिसलं तर बेत बदलायचा.

बाकीचे फरक चिल्लर आहेत. सहा ते पंधरा वयाच्या मुलांना फॅमिली कार्ड मोफत मिळतं, पासवरही आणि हाफ फेअर कार्डवरही. आई किंवा बाबा सोबत हवेत, एवढंच. शहरातली ट्राम पासमध्ये असते हे खरं, पण बासेल, बर्न, जिनिव्हा, लुझर्न, इंटरलाकन इथे हॉटेलात उतरणाऱ्याला गावात फिरायचं कार्ड तसंही मिळतं. झुरिकला नाही.

झुरिक-बासेलला आयटीत असलेल्या भाच्याला जरूर विचारा, पण त्याच्याकडचं हाफ फेअर कार्ड बहुधा वर्षाचं असतं आणि त्याचा दर पर्यटकांच्या महिन्याच्या कार्डापेक्षा वेगळा असतो. ‘मला तर इतक्यात पडतं’ हे त्याचं वाक्य तुमच्या हिशेबात घेऊ नका. त्याला विचारायची गोष्ट दुसरी आहे: सेव्हर डे पास. एका दिवसाचा हा पास आधी काढला तर स्वस्त पडतो, कार्डवर आणखी स्वस्त. लांबच्या प्रवासाचा एखादाच दिवस असेल तर कार्ड आणि त्या दिवसापुरता हा पास, ही जोडी मला सर्वांत आवडते. पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तारीख पक्की असेल तरच.

रिझर्व्हेशनचं तर सांगून सांगून कंटाळा आला. ग्लेशियर एक्सप्रेस आणि बर्निना एक्सप्रेस या दोन्ही गाड्यांना जागा राखून ठेवणं सक्तीचं आहे आणि त्याचे वेगळे पैसे पासवाल्यालाही पडतात, कार्डवाल्यालाही. पास दाखवून ‘आमचं सगळं इन्क्लुडेड आहे’ म्हणत चढता येत नाही. हे पैसे वाचवायचे असतील तर कूरहून सेंट मॉरिट्झमार्गे तिरानोला साध्या गाड्या जातात. रूळ तेच, लांडवासरचा पूल तोच, २२५३ मीटरवरचं ओस्पित्सिओ बर्निना स्टेशनही तेच. काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, त्यामुळे फोटोत काचेची चमक येत नाही.

सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन जाणार असाल आणि दर वेळी ॲप उघडून पाच जणांची तिकिटं काढायचा वैताग नको असेल, तर खुशाल पास घ्या, शंभरएक फ्रँक जास्त गेले तरी. तो सोयीचा खर्च म्हणून मोजा, बचत म्हणून नाही. आणि घ्याल तो दुसऱ्या वर्गाचाच घ्या. खिडकीतून दिसणारा डोंगर पहिल्या वर्गातूनही तेवढाच मोठा असतो, आणि तास-दीड तासाच्या प्रवासाला रुंद खुर्ची कशाला हवी ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.