पार्श्वभूमी : सोलापूरकरांची परदेशी सहल आणि बिलातली 'टीसीएस'ची ओळ

परदेशी सहल परवडते का, असं सोलापुरात कुणालाही विचारलं की बोलणं विमानाच्या तिकिटावर आणि डॉलरच्या भावावर येतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण गेल्या पाच-सहा वर्षांत मध्यम मिळकतीच्या घरांचा हिशेब सगळ्यात जास्त हलवला तो पॅकेजच्या बिलातल्या 'टीसीएस' (विक्रीवेळीच आगाऊ गोळा होणारा प्राप्तिकर) या एका ओळीने. ती ओळ कुठून आली आणि कुणाच्या वाट्याला गेली, हे पाहिल्याशिवाय आजचं चित्र समजत नाही.

जुना काळ थोडक्यात सांगता येईल. 1973 चा परकीय चलन कायदा होता तोवर पैशाआधी परवानगीचीच अडचण असायची आणि चलन मोजून मिळायचं. सोलापुरातून बाहेर जाणारे म्हणजे चादर-टॉवेलचे निर्यातदार, शिकायला गेलेली मोजकी मुलं, हज यात्रेकरू आणि आखातात कामाला गेलेली माणसं. नुसतं फिरायला म्हणून कुटुंबाने जाणं जवळजवळ नव्हतंच. 1 जून 2000 पासून नवा कायदा लागू झाला. फेब्रुवारी 2004 मध्ये केंद्रीय बँकेने माणशी वर्षाला 25,000 डॉलर बाहेर पाठवण्याची मुभा दिली. मध्ये ती कमी-जास्त होत 2015 मध्ये 2,50,000 डॉलरवर गेली. इतका पैसा सर्वसाधारण घर बाहेर नेतच नाही, त्यामुळे या मर्यादेचा त्याला ना जाच झाला ना उपयोग.

त्याच काळात रुपया घसरत राहिला. 2004 मध्ये डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता, 2024 अखेर 85 ला टेकला. उलट बाजूने काही गोष्टी सोप्या झाल्या. 2017 पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रं उघडली, त्यात सोलापूरलाही केंद्र मिळालं. पूर्वी एका पासपोर्टसाठी पुण्याच्या खेपा व्हायच्या, चौघांचे पासपोर्ट म्हणजे सगळ्यांची रजा आणि गाडीभाडं. 2023 च्या अखेरीस थायलंड आणि मलेशियाने भारतीयांना व्हिसा माफ केला. दिवाळीच्या सुट्टीत बँकॉक-पटायाची पॅकेजं आपल्याकडे एवढी खपू लागली त्यामागे हेही कारण आहे. युरोपचं मात्र उलटं. जून 2024 पासून शेंगेन व्हिसाचं शुल्क 80 वरून 90 युरो झालं, तेही माणशी, आणि नकार आला तर पैसे परत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. 1 ऑक्टोबर 2020 पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर 5 टक्के टीसीएस सुरू झाला. किमान रकमेची अट नव्हती. म्हणजे पहिल्या रुपयापासून वसुली. हा वेगळा कर नाही, तुमच्या प्राप्तिकरापोटी टूरवाल्याने आगाऊ घेऊन सरकारजमा केलेली रक्कम आहे, विवरणपत्र भरलं की ती वळती होते किंवा परत मिळते. कागदावर यात कुणाचं नुकसान नाही. पण बिल समोर ठेवून पाहा. चौघांचं पॅकेज 4,00,000 रुपये. त्यावर 5 टक्के जीएसटी, झाले 4,20,000. या बेरजेवर 5 टक्के टीसीएस, म्हणजे आणखी 21,000. भरायचे 4,41,000. भिशी उचलून आणि पतसंस्थेतली ठेव मोडून सहल ठरवलेल्या घराला हे 21,000 आजच द्यायचे असतात आणि ते परत येतात पुढच्या वर्षी कधीतरी. ज्यांचं उत्पन्न करपात्रच नाही, त्यांना केवळ एवढ्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. ते न भरणाऱ्यांचे पैसे अडकून राहतात.

2023 च्या अर्थसंकल्पात हाच दर 20 टक्के करायचं ठरलं, 1 जुलैपासून. वरच्या हिशेबात 21,000 चे 84,000 होतात. मे महिन्यात आणखी एक अधिसूचना निघाली आणि परदेशात वापरलेलं क्रेडिट कार्डही या चौकटीत आलं. त्यावर मोठी ओरड झाली. काही दिवसांतच स्पष्टीकरण आलं, आणि जूनच्या शेवटी कार्डाचा निर्णय पुढे ढकलला गेला. पॅकेजला 7,00,000 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावरच्या रकमेला 20 टक्के असा तोडगा निघाला, 1 ऑक्टोबर 2023 पासून.

समर्थनात सांगितलं गेलं की परदेशी खर्च प्रचंड वाढलाय आणि बडे खर्च करणारे विवरणपत्रात तेवढं उत्पन्न दाखवत नाहीत. दुसऱ्या भागात तथ्य आहे. पहिल्या भागासाठी जे आकडे फिरवले गेले ते जपून वाचायला हवेत. बाहेर पैसे पाठवण्याच्या 2004 पासूनच्या मुभेच्या योजनेखाली प्रवासासाठी गेलेली रक्कम 2013-14 मध्ये जेमतेम दीड कोटी डॉलर दिसते आणि 2023-24 मध्ये सुमारे 1,700 कोटी. एवढी उडी नुसत्या हौसेने पडत नाही. 2015 पर्यंत प्रवासासाठीचं चलन वेगळ्या सवलतीत मोजलं जायचं, मग ते याच योजनेत मिसळलं. लोक जास्त फिरू लागले हे खरंच, पण वाढीचा एक भाग रकाना बदलल्याचा आहे.

माझ्या मते खरी अडचण पॅकेजच्या व्याख्येत आहे. 30 जून 2023 च्या परिपत्रकानुसार नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल म्हणजे पॅकेज नाही, दोन गोष्टी एकत्र विकल्या तर पॅकेज. म्हणजे ज्याला इंग्रजी येतं, ज्याच्याकडे मोठ्या मर्यादेचं कार्ड आहे आणि जो तिकीट एकीकडे, हॉटेल दुसरीकडे स्वतः बुक करतो, त्याला टीसीएस शून्य. निवृत्त शिक्षक, यंत्रमागवाला, चाटी गल्लीतला दुकानदार मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि बरोबर चार ओळखीची माणसं असल्याशिवाय परदेशी निघत नाही, त्याला पहिल्या रुपयापासून वसुली. आधाराची गरज असलेल्यालाच हा भार सोसावा लागला. नेपाळही यातून सुटला नाही. तिकडे जायला भारतीयाला व्हिसा लागत नाही, पण पशुपतिनाथ-मुक्तिनाथाच्या यात्रेचं पॅकेज 'भारताबाहेरच्या देशाचं' म्हणून त्याच ओळीत बसलं. उमराहच्या पॅकेजचंही तेच.

दुरुस्त्या हळूहळू आल्या. ऑक्टोबर 2024 पासून नोकरदाराला टीसीएसची रक्कम पगारातल्या कपातीशी जुळवून घेता येऊ लागली, त्यासाठी तेव्हा कार्यालयात द्यायचा 12बीएए हा फॉर्म आणला गेला. अल्पवयीन मुलाच्या नावावर कापलेली रक्कम 1 जानेवारी 2025 पासून पालकाच्या खात्यात धरता येते. मुलांसह सहलीला जाणाऱ्या घरांसाठी ही मोठी सोय आहे आणि अनेकांना ती अजून ठाऊक नाही. 1 एप्रिल 2025 पासून 7 लाखांची पायरी 10 लाखांवर गेली. 2026 च्या अर्थसंकल्पात दोन्ही दर काढून सरसकट 2 टक्के ठेवले. वरच्या बिलात आता 21,000 च्या जागी 8,400 येतात.

विमानतळाचं म्हणाल तर सोलापूरहून जून 2025 मध्ये गोव्याला आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईला विमान सुरू झालं. तरी बहुतेक घरं सिद्धेश्वर एक्स्प्रेसने किंवा रात्रीच्या बसनेच मुंबई गाठतात, नाहीतर हैदराबाद. पॅकेज 'मुंबई ते मुंबई' असतं, अलीकडचा-पलीकडचा खर्च ज्याचा त्याने करायचा. 2 टक्क्यांनाही किमान रकमेची अट नाही, त्यामुळे काठमांडूच्या सर्वांत स्वस्त यात्रेवरही ती वसुली होतच राहणार आहे. स्वतः कार्डाने केलेलं बुकिंग अजून त्याबाहेरच आहे.