विमानाचं सुकाणूच गेलं तर?

विमानात सगळ्यात वाईट काय होऊ शकतं असं कुणालाही विचारलं तर उत्तर येतं, इंजिन बंद पडणं. पण एक इंजिन गेल्यावर काय करायचं याची तालीम पायलट लोक सिम्युलेटरवर इतक्या वेळा करतात की ते त्यांना जवळजवळ पाठ असतं. 19 जुलै 1989 ला डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइट 232 मध्ये 37,000 फुटांवर मोठा धमाका झाला, शेपटीतलं इंजिन गेलं, तेव्हा कॉकपिटमध्येही आधी तेच वाटलं. हे विमान डीसी-10 जातीचं, त्याला तीन इंजिनं असतात, दोन शाबूत होती, म्हणजे चेकलिस्ट काढा आणि जवळचा विमानतळ गाठा, एवढंच.

पण मग को-पायलट बिल रेकॉर्ड्सच्या लक्षात आलं की स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलंय, मागे पूर्ण ओढलंय, आणि विमान मात्र उजवीकडे कलंडतच चाललंय.

झालं होतं असं. एवढ्या मोठ्या विमानाचे पंखावरचे आणि शेपटीवरचे हलणारे भाग माणसाच्या हाताच्या जोराने हलत नाहीत, ते तेलाच्या दाबाने हलवतात. दाब किती, तर साधारण 3,000 पीएसआय (दाब मोजायचं एकक), आपल्या कारच्या टायरमध्ये 30-32 असतो म्हणजे त्याच्या जवळपास शंभरपट. हीच हायड्रॉलिक सिस्टीम. ती डीसी-10 मध्ये एक नाही तर तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या, एक गेली तर दुसरी आहे, दुसरी गेली तर तिसरी आहे. कागदावर एकदम भक्कम! पण तिघींचे पाइप शेपटीत त्या इंजिनाच्या आसपास एकत्र येत होते आणि नेमकं तिथेच इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची चकती फुटली, तुकडे बंदुकीच्या गोळ्यांसारखे उडाले आणि तिन्ही सिस्टीमचं तेल थोड्याच वेळात वाहून गेलं. हाताने चालवायची सोय विमानात नव्हतीच, कारण तिन्ही एकदम जातील हे कुणी धरलंच नव्हतं.

मग उरलं काय? दोन पंखांखालची दोन इंजिनं, बस्स. कॅप्टन अल हेन्सनी डावं इंजिन मंद केलं आणि उजवं फुल्ल सोडलं, तेव्हा कुठे उजवा पंख वर आला. बैलगाडीचं बघा, एक बैल जोरात ओढायला लागला आणि दुसरा रेंगाळला की गाडी रेंगाळणाऱ्याच्या बाजूला वळते, तसंच हे.

वळण्याचं एक वेळ जमलं, पण खरा त्रास वरखाली होण्याचा होता. सुकाणू नसलेलं विमान आपोआप झोके घेतं: नाक खाली गेलं की वेग वाढतो, वेग वाढला की पंखांची उचल वाढते आणि नाक वर येतं, वर चढताना वेग कमी होतो की परत नाक खाली, आणि असा एक झोका साधारण मिनिटभराचा. याला फुगॉइड म्हणतात. हे नाव लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ठेवलं, त्याला ग्रीकमधून 'उडणं' आणायचं होतं पण उचलला तो शब्द निघाला 'पळ काढण्याचा'! तर हा झोका मोडायचा असेल तर मनाविरुद्ध वागावं लागतं. नाक खाली चाललंय, वेग वाढतोय, अशा वेळी कुणाचाही हात इंजिन कमी करायला जाईल, पण इंजिनं पंखाखाली लटकलेली असल्याने पॉवर दिली की ती नाक वर ढकलतात, म्हणून तेव्हा पॉवर वाढवायची, आणि नाक वर उठून वेग पडत असताना मात्र काढून घ्यायची. तेही झोका यायच्या आधी ओळखून, कारण इंजिनाला जोर पकडायला वेळ लागतो.

आणि इथे मला सगळ्यात भारी वाटते ती गोष्ट. डेनिस फिच नावाचे डीसी-10 चे प्रशिक्षक त्या दिवशी योगायोगाने प्रवासी म्हणून बसले होते, त्यांनी मदत करू का विचारलं आणि हेन्सनी त्यांना आत घेऊन सरळ दोन्ही थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचे दांडे, त्यांच्या हातात दिले. फिच दोन पायलटच्या मध्ये राहून विमान जवळजवळ इंजिनांवरच उडवत होते, फ्लाइट इंजिनिअर डडली ड्वोरॅक कंपनीच्या मेकॅनिक लोकांशी रेडिओवर बोलत होते (त्या मेकॅनिकना तर तिन्ही हायड्रॉलिक गेल्यात हे पटतच नव्हतं).

त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी हे इतकं सहज झालं नसतं. 1978 ला याच कंपनीचं एक विमान पोर्टलंडजवळ इंधन संपून पडलं, कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतलेले आणि इंधन कमी होतंय हे बाकीच्यांनी ठणकावून सांगितलं नाही, दहा माणसं गेली. त्यानंतर कॅप्टनने ऐकायचं कसं आणि हाताखालच्यांनी बोलायचं कसं याचं रीतसर ट्रेनिंग सुरू झालं, त्यालाच सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) म्हणतात. हेन्स नंतर सांगायचे की आम्हा चौघांचा मिळून 103 वर्षांचा उडण्याचा अनुभव होता, पण असं विमान उतरवायचा सराव एक मिनिटाचाही नव्हता, मग मलाच जास्त कळतं असं मी का धरू?

आयोवातल्या सू सिटीच्या कंट्रोलरने कुठल्याही रनवेवर उतरायची परवानगी दिली तेव्हा हेन्स हसून म्हणाले, म्हणजे रनवेच पाहिजे असा तुमचा आग्रह आहे तर! उतरताना वेग कमी ठेवायला पंखांच्या मागे उघडतात ते फ्लॅप उघडत नव्हते, त्यामुळे एरवी 140 नॉटच्या आसपास टेकणारं विमान 215 नॉटने, म्हणजे ताशी जवळजवळ 400 किलोमीटरने आलं. अगदी शेवटी उजवा पंख खाली गेला, जमिनीला लागला, विमान उलटलं, तुटलं, पेटलं. बिघाडापासून तोपर्यंत 44 मिनिटं गेली होती. विमानातल्या 296 पैकी 184 जण वाचले. नंतर अनुभवी पायलटनी सिम्युलेटरवर तोच प्रसंग करून पाहिला आणि तपास यंत्रणेचा निष्कर्ष निघाला की असं विमान सुखरूप उतरवणं जवळपास अशक्यच आहे.

ती चकती तीन महिन्यांनी मक्याच्या शेतात सापडली. टायटॅनियम बनवतानाच त्यात एक बारीक दोष राहिला होता, तिथून भेग वर्षानुवर्षं वाढत गेली आणि तपासणीत ती सुटली. पुढे डीसी-10 च्या हायड्रॉलिकमध्ये गळती झाल्यावर उरलेलं तेल अडवणारा बंदोबस्त केला. नासाने तर थ्रॉटलचं ते सगळं काम कॉम्प्युटरला शिकवलं आणि 1995 मध्ये एमडी-11 हे तीन इंजिनांचं विमान नुसत्या इंजिनांवर व्यवस्थित उतरवूनही दाखवलं, तरी विमान कंपन्यांनी ते काही बसवून घेतलं नाही. 2003 मध्ये बगदादवर डीएचएल या कुरिअर कंपनीच्या मालवाहू एअरबसला क्षेपणास्त्र लागलं, तिन्ही हायड्रॉलिक गेल्या, डावा पंख जळत होता, आणि आतल्या तिघा कर्मचाऱ्यांनी हातानेच थ्रॉटल मागेपुढे करत ती परत रनवेवर आणली. तिघेही वाचले.