चळवळीतील आनंद व जिव्हाळा

चळवळीतील आनंद व जिव्हाळा : मूलगामी राजकीय चळवळींत आनंद, एकमेकांची काळजी आणि मैत्री यांना राजकीय कामाचेच अंग मानणारा विचार. त्याची निश्चित सुरुवात सांगता येत नाही. स्पष्ट मांडणी साधारणपणे १९७० नंतरची दिसते.

या विचाराचा रोख ज्या आदर्शाविरुद्ध आहे, त्याचे सर्वांत कडवे रूप १८६९ च्या रशियन ‘क्रांतिकारकाच्या संहिते’त आढळते. क्रांतिकारकाला स्वतःच्या भावना, नातीगोती, मालमत्ता, इतकेच काय नावही नसते, असे तिचे पहिलेच कलम सांगते. संहितेच्या कर्तृत्वाचा वाद मोठा आहे. दीर्घकाळ ती रशियन अराजकवादी (राज्यसत्ताच नाकारणारा) विचारवंत बकूनिनच्या नावावर होती. मात्र त्याने २ जून १८७० रोजी आपला तरुण क्रांतिकारक सहकारी नेचायेवला लिहिलेले पत्र १९६६ मध्ये प्रकाशित झाले. त्यात तो तिचा उल्लेख ‘तुझी संहिता’ असा करतो. काही अभ्यासक अजूनही ती दोघांची मानतात. पत्राचा पुरावा पाहता ती मुख्यतः नेचायेवची असावी.

आनंदाच्या बाजूने हटकून दिला जाणारा दाखला म्हणजे ‘नाचता येणार नसेल, तर ती क्रांती मला नको’ हे अमेरिकेतील अराजकवादी कार्यकर्ती एमा गोल्डमनच्या नावावरचे वाक्य. तिच्या लेखनात ते या रूपात सापडत नाही. १९३१ च्या आत्मचरित्रात मूळ प्रसंग आहे : १८९० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका नृत्यसमारंभात ‘चळवळीतल्या बाईला असे नाचणे शोभत नाही’ म्हणून एका तरुण सहकाऱ्याने तिला टोकले. स्वातंत्र्याचे ध्येय जीवनाचा आणि आनंदाचा त्याग मागते हे आपल्याला मान्य नाही, असे ती उसळून म्हणाली. १९७३ मध्ये एका अराजकवादी मुद्रकाला टी-शर्टवर छापण्यासाठी तिचे वचन हवे होते. अभ्यासक अ‍ॅलिक्स केट्स शुलमन यांनी हा उतारा त्याला सुचविला; शर्टावर मात्र त्याचा चटपटीत गोषवारा उतरला. हे शुलमन यांनीच १९९१ मध्ये लिहिले आहे. वाक्य प्रक्षिप्त असले, तरी आशय गोल्डमनचाच आहे.

तात्त्विक आधार बहुधा सतराव्या शतकातील डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचा घेतला जातो : आनंद म्हणजे कर्तृत्वशक्तीची वाढ, दुःख म्हणजे तिची घट. त्यामुळे येथे आनंदाचा अर्थ मौजमजा किंवा सदैव हसतमुख असणे असा नाही; कर्तृत्वशक्ती वाढवीत असतील, तर राग आणि शोकही त्यात सामावतात. लढाऊ होण्यासाठी खिन्न असावे लागत नाही, असे फ्रेंच तत्त्वज्ञ फूकोने १९७७ मध्ये बजावले होते.

काळजीची परंपरा अधिक व्यवहारी आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाने जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. पुढे दवाखानेही चालविले. कर्करोगाशी झुंजणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८८ मध्ये स्वतःची काळजी घेणे हे आत्मरक्षण आणि म्हणून राजकीय युद्धकृत्य ठरविले. पुढे बाजाराने त्यातले राजकारण वगळून फक्त काळजी उचलली.

संघटनांतर्गत संबंधांची चर्चा तुलनेने विरळ आहे. अमेरिकन स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी १९७६ मध्ये स्त्रीवादी गटांत सहकारी स्त्रीचे पद्धतशीर चारित्र्यहनन कसे होते, याचे वर्णन केले. स्वयंपाक, समजूत घालणे, आजाऱ्याची शुश्रूषा ही कामे चळवळीतही बहुधा स्त्रियांवरच पडतात, हा आक्षेप जुनाच आहे. त्याला समाधानकारक उत्तर या विचाराच्या पुरस्कर्त्यांनी अद्याप दिलेले दिसत नाही.