शोध व बचाव हेलिकॉप्टर, लष्करी

पडलेल्या विमानाचे वैमानिक, जखमी सैनिक किंवा पुरात अडकलेले नागरिक यांना शोधून सुखरूप बाहेर काढणारे हेलिकॉप्टर. भारतात चेतक, चीता, ध्रुव व एमआय-१७ या कामी वापरतात.

उगम : हेलिकॉप्टरची पहिली बचाव मोहीम कोणती, याबद्दल मतभेद आहेत. ३ जानेवारी १९४४ रोजी ‘टर्नर’ या अमेरिकी विनाशिकेवर स्फोट झाला, तेव्हा तटरक्षक दलाचे फ्रँक एरिक्सन यांनी न्यूयॉर्कहून जखमींसाठी रक्तद्रव हेलिकॉप्टरने न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील सँडी हुकला पोचवला. काही लेखक येथून आरंभ धरतात. परंतु त्या उड्डाणात कोणाची सुटका झाली नव्हती. एप्रिल १९४४ च्या उत्तरार्धात अमेरिकी वैमानिक कार्टर हार्मन यांनी ब्रह्मदेशात जपानी फळीमागे अडकलेला वैमानिक व जखमी ब्रिटिश सैनिक सिकोर्स्की वायआर-४बी हेलिकॉप्टरमधून बाहेर काढले. इंजिनाची ताकद इतकी तोकडी, की एका खेपेस एकालाच उचलता येई. नेमक्या तारखांत एकवाक्यता नसली, तरी शोध व सुटका ही दोन्ही अंगे येथे असल्याने हीच घटना पहिली मानणे सयुक्तिक ठरते. विंचने (दोरी गुंडाळणाऱ्या यंत्राने) माणूस वर ओढून केलेली पहिली सुटका मात्र नागरी आहे : २९ नोव्हेंबर १९४५, अमेरिकेतील कनेटिकटचा किनारा.

सुटे भाग : रोटरची पाती, गिअरबॉक्स इ. भागांचे आयुष्य उड्डाणतासांत मोजतात व लॉगकार्डावर नोंदवतात. तास भरले की वरकरणी धडधाकट दिसणारा भागही उतरवावा लागतो. विंचची पोलादी दोरी सुती फडक्यातून सरकवत तपासतात. तुटलेली बारीक तार फडक्यात अडकते. आणीबाणीत दोरी कापणाऱ्या स्फोटक काडतुसालाही मुदत असते. चेतक हे मूळचे फ्रेंच अलुएत-३. फ्रान्समधील उत्पादन केव्हाच थांबल्याने सुट्या भागांची मदार मुख्यतः हिंदुस्थान एरोनॉटिक्सवर आहे. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले. तपासात स्वॉशप्लेट हा, वैमानिकाचे नियंत्रण रोटरच्या पात्यांपर्यंत पोचवणारा भाग तुटल्याचे आढळले आणि तिन्ही सैन्यदलांसह तटरक्षक दलाची ध्रुव हेलिकॉप्टरे काही महिने जमिनीवर राहिली. बचावक्षमता मोजताना हेलिकॉप्टरांच्या संख्येइतकेच वजन भांडारातील प्रमाणित भागांना द्यायला हवे, ते यासाठी.

सोलापूर परिसर : येथे लष्करी हेलिकॉप्टरांचा कायमचा तळ नाही, मदत बाहेरून येते. उजनी धरणातून विसर्ग वाढला, की भीमाकाठी, विशेषतः पंढरपुरात, आगाऊ इशारा देता येतो. सीना नदीचे पाणी मात्र अहिल्यानगर, बीड व धाराशिवकडच्या पावसावर चढते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा भागांत गावे वेढली, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला; शेजारच्या परांडा तालुक्यात लोकांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले. अशा वेळी वरून येणारा हूक आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्यावा, तोवर धरू नये; रोटरमुळे साठलेल्या स्थितिक विजेचा जबर झटका बसतो. नदीकाठच्या गावांना हे आधीच सांगून ठेवणे अगत्याचे आहे.

सोलापुरात मोटारींचे कॅमशाफ्ट बनतात आणि अचूक यंत्रणाचे कसबही आहे. हे कसब सुट्या भागांकडे वळवायचे म्हटले, तरी लष्करी हेलिकॉप्टरच्या भागाला मात्र बंगळूरच्या सेमिलॅक या संस्थेची उड्डाणयोग्यता-मान्यता लागते.