फड पद्धती

फड पद्धती : नदीवर बंधारा घालून पाटाने वळवलेले पाणी सामूहिकरीत्या वाटून घेण्याची उत्तर महाराष्ट्रातील पारंपरिक सिंचनव्यवस्था. धुळे व नाशिक जिल्ह्यांत, विशेषतः तापी खोऱ्यातील पांझरा, मोसम व आरम या नद्यांकाठी ती रूढ होती. उसाचा, तमाशाचा, कुस्तीचा असे ‘फड’ मराठीत अनेक. येथे एका पिकाखालील सलग शिवार एवढाच अर्थ.

पद्धतीच्या काळाविषयी एकमत नाही. ती सुमारे ३००–४०० वर्षांची असावी, असे सामान्यतः मानतात. काहीजण बंधाऱ्यांचे श्रेय खानदेशच्या फारुकी सुलतानांना देतात. तसे असल्यास आरंभ १६०१ पूर्वीचा, म्हणजे त्यांचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती जाण्याआधीचा ठरतो. इतर अभ्यासक तिची वाढ मराठा अमदानीत झाली असे धरतात. दगडचुन्याच्या या भिंती पुराने फुटत आणि पुन्हा बांधल्या जात, त्यामुळे निव्वळ बांधणीवरून काळ ठरवणे धोक्याचे. शिवाय भिंतीचे वय आणि पाणीवाटपाच्या रिवाजाचे वय एकच असेल असेही नाही. बंधारे टप्प्याटप्प्याने उभे राहिले व रिवाज गावकीत घडत गेला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा अनेक बंधारे नादुरुस्त होते. पुढे त्यांतील काहींची डागडुजी झाली.

बंधारा नदीपात्रात उघड्या पडलेल्या खडकावर घालतात. खडक जसा वळेल तशी भिंत वळते, म्हणून ती क्वचितच सरळ रेषेत असते. पाण्याचा साठा करणे हा तिचा हेतू नसून पातळी पाटाच्या तोंडापर्यंत उचलणे हा आहे. पाटातून चाऱ्या, म्हणजे शेताकडे पाणी नेणारे छोटे फाटे, निघतात आणि जादा पाणी सांडव्याने नदीत परतते. सारा प्रवाह उताराने चालतो.

भिजणाऱ्या क्षेत्राचे बहुधा तीन किंवा चार फड पाडतात. एका फडात एका हंगामात एकच पीक. एकात ऊस असला तर इतरांत गहू, हरभरा, ज्वारी यांसारखी पिके येतात आणि दरसाल फिरतात. पद्धतीचा गाभा बंधाऱ्यात नसून जमिनीच्या या मांडणीत आहे : शेतकऱ्याचे तुकडे शक्यतो प्रत्येक फडात असतात. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवतात आणि तूट सर्वांच्या वाट्याला येते. पाटाच्या शेपटाकडचा एकटा बुडत नाही. अवर्षणातली पद्धतीची तग यातूनच येते.

दारे धरण्याचे, म्हणजे शेताला पाणी देण्याचे, काम शेतमालकाकडे नसते. त्यासाठी नेमलेला पाटकरी फावडे घेऊन, रात्रपाळीतसुद्धा, चारीचे एक तोंड मातीने बुजवतो, दुसरे फोडतो आणि शेतामागून शेत भिजवत जातो. मालकाने मध्ये पडून आपल्या वावराकडे पाणी वळवणे हा गुन्हा समजला जाई. पाटकऱ्याला मेहनताना पूर्वी धान्यरूपात मिळे. पाटाचा गाळ काढण्याला घरटी माणूस लागे. कोणत्या फडात कोणते पीक, हे पंच व शेतकरी मिळून ठरवत.

१८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात अशा बंधाऱ्यांसारख्या दुय्यम वर्गाच्या सिंचनकामांसाठी वेगळ्या तरतुदी होत्या. स्वातंत्र्योत्तर काळात वरच्या बाजूला धरणे झाल्याने नदीचा नैसर्गिक प्रवाह बदलला. विहिरींवर पंप आल्यावर ज्याच्या त्याच्या पिकाची निवड वेगळी झाली आणि एका फडातील एक पीक मोडले. काही ठिकाणी मात्र बंधारा, पाट आणि पाटकरी अजून टिकून आहेत.