रॉचेस्टरला घटस्फोट का मिळाला नाही?

शार्लट ब्राँटे यांच्या १८४७ सालच्या ‘जेन एअर’ या कादंबरीविषयी वर्षानुवर्षे सांगितले जाते की, वेड्या जोडीदाराला सोडण्यास इंग्लंडच्या कायद्याने खास बंदी घातल्यामुळे कादंबरीचा नायक रॉचेस्टर याला त्याची वेडी पत्नी बर्था हिच्यापासून घटस्फोट मिळाला नाही. असा कोणताही कायदा नव्हता. वेड हे मुळात घटस्फोटाचे कारणच नव्हते. चर्चची न्यायालये व्यभिचार किंवा क्रौर्य सिद्ध झाल्यास केवळ विभक्त राहण्याची मुभा देत, आणि पुनर्विवाह करायचा असल्यास व्यभिचार सिद्ध करून संसदेकडून खासगी (फक्त त्या एका प्रकरणापुरता) कायदा संमत करून घ्यावा लागे, जे धनिकांनाच परवडे. विवाहसमयीच वेड असल्यास विवाह रद्द ठरू शकत होता, पण बर्थाचे वेड नंतर उघड झाले. डॉक्टरांनी ती वेडी असल्याचे सांगितल्यावर कायद्याचा मार्ग खुंटला, असे रॉचेस्टर स्वतःच कादंबरीची नायिका जेन हिला ऐकवतो. गैरसमजाचे मूळ बहुधा या (अर्थातच एकतर्फी) कैफियतीत असावे. १८५७ च्या कायद्याने घटस्फोट न्यायालयाकडे आला, तरी त्याचा आधार व्यभिचारच राहिला. पुढे १८७४ मध्ये मॉर्डंट या घटस्फोटाच्या खटल्यात, पत्नीचे वेड हा अशा दाव्यातला अडसर नाही, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने (संसदेचे वरिष्ठ सभागृह, जे तेव्हा सर्वोच्च अपील न्यायालयही होते) दिला. असाध्य वेड हे स्वतंत्र कारण मानले गेले ते १९३७ च्या कायद्याने.